पाव, मेळा आणि ढोल

मंडळाच्या स्मरणिकेसाठी दरवर्षी मी इतिहासातले काहीतरी लिहितो आणि जाहिरातींच्या पानांतून वाट काढत आपण ते वाचता, याबद्दल प्रथम आभार. यंदाचा विषय मात्र मी शोधला नाही. तो कार्यकारिणीच्या बैठकीत माझ्यासमोर येऊन बसला.

प्रश्न होता ढोल पथकाचा. पहिल्या दिवशी पथकाचे वादन लांबते, म्हणून संध्याकाळची आरती पाऊण तास पुढे घ्यावी, अशी मुलांची विनंती होती. आपल्यातले एक ज्येष्ठ सभासद (नाव लिहीत नाही, पण ओळखाल) चिडून म्हणाले, "ही श्रद्धा नाही हो, ही फॅशन आहे. फेटे बांधायचे, फोटो काढायचे. अथर्वशीर्षाला यातले एक पोर थांबत नाही." त्यावर पथकातली एक मुलगी, भोपाळातच जन्मलेली, हिंदी वळणाच्या मराठीत म्हणाली, "काका, पण बाप्पा कूल आहे ना! कूल आहे म्हणून तर आम्ही येतो." कोणीतरी हसले, कोणीतरी चहा मागवला आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला.

मी त्या दिवशी गप्प बसलो, त्याला कारण आहे. त्या मुलीच्या वयाचा असताना मी नेमक्या याच न्यायाने उलट दिशेला गेलो होतो. १९७२ साली पुण्यात इंजिनीअरिंगला होतो. आमच्या वेळी 'कूल' हा शब्द नव्हता, 'मॉडर्न' होता. आणि मॉडर्न असणे म्हणजे देव न मानणे, निदान तसे चारचौघांत म्हणणे. वडिलांचे साताऱ्याहून पत्र आले होते, "गणपतीला दोन दिवस तरी ये. आरती म्हणायला घरात पुरुषमाणूस नाही, माझा आवाज आता लागत नाही." मी गेलो नाही. परीक्षेची सबब कळवली आणि चतुर्थीच्या दिवशी तिघा मित्रांबरोबर इराण्याकडे ऑम्लेट-पाव खाल्ला. आपण काहीतरी क्रांती केली असे त्या दिवशी खरोखर वाटले होते.

पुढे कित्येक वर्षांनी, सहज काही वाचताना कळले की पाव खाऊन क्रांती करण्याची कल्पना आमची नव्हतीच. ती आमच्या आधी सव्वाशे वर्षे मुंबईत होऊन गेली होती, आणि त्या लोकांनी तिची किंमत मोजली होती. आम्ही फक्त बिल भरले.

गोष्ट १८४९ ची. इंग्रजी शिकलेल्या तरुणांचा एक नवा वर्ग तेव्हा मुंबईत तयार झाला होता. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये ही मुले भूगोल, ज्योतिष, इतिहास शिकत आणि संध्याकाळी गिरगावातल्या घरी आली की सोवळे नेसून जेवायला बसत. दोन्हींचा मेळ कसा घालायचा? याच वर्षी दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि त्यांच्या मित्रांनी 'परमहंस मंडळी' स्थापन केली. दादोबा म्हणजे आपल्याला मराठी व्याकरण देणारे दादोबा. मंडळी गुप्त होती. मूर्तिपूजा नको, जातिभेद नको, विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक हवी, ही तिची मते. बैठकीच्या आरंभी आणि शेवटी प्रार्थना होई, हे मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगे आहे. ही मंडळी नास्तिक नव्हती.

नव्या सभासदाची परीक्षा मोठी मासलेवाईक असे. त्याला ख्रिस्ती भटारखान्यातला पाव सर्वांसमक्ष खावा लागे. आज मिसळीबरोबर जोडीने पाव मागवणाऱ्या आपल्याला यातले धाडस कळणे कठीण आहे. मुंबईतला पाव भाजत गोव्याकडचे ख्रिस्ती भटारी, आणि तो आंबवत ताडीने. म्हणजे एका घासात दोन पातके. असल्या गोष्टींवरून माणूस जातीबाहेर जाई, घरची लग्ने अडत, विहिरीवर पाणी मिळत नसे. त्याआधी सहाच वर्षे, १८४३ मध्ये, श्रीपत शेषाद्री नावाचा एक लहान मुलगा मिशनऱ्यांकडे राहून आला, तर त्याला परत जातीत घ्यायचे की नाही यावर मुंबईत रणे माजली. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी त्या मुलाची बाजू घेतली, तर त्यांनाही लोकांचा रोष सोसावा लागला.

तेव्हा गुप्ततेचे कारण उघड आहे. पण मला वाटते गुप्ततेत थोडी मौजही असणार. बंद खोली, विश्वासातले मित्र, बाहेर कळले तर काय होईल याची धडधड, आणि 'आपण पुढचे, बाकीचे मागचे' ही भावना. विशीतल्या माणसाला याहून काय हवे असते? सभासद पुरेसे झाले की सगळे एकदम जाहीर करू, असा बेत होता. ती वेळ आली नाही. १८६० च्या सुमारास मंडळीचे दप्तरच कोणीतरी पळवले, नावे फुटली आणि मंडळी विस्कटली. या मंडळीत वावरलेले बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांच्या 'अरुणोदय' या आत्मचरित्रात या दिवसांच्या हकिकती आहेत. एक माणूस चोरून पाव खात राहिला नाही, उघड उठून गेला. त्याचा मार्ग पटो न पटो, मला त्याच्याबद्दल आदर वाटतो.

आता पारडे दुसऱ्या बाजूला कसे झुकले ते पाहा. १८५७ च्या जानेवारीत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर एक तिशीतला संन्यस्त वृत्तीचा माणूस उभा राहिला. विष्णुबुवा ब्रह्मचारी. मूळचे कुलाबा जिल्ह्यातले गोखले, सरकारी नोकरी सोडून सप्तशृंगीला तप करून आलेले. मिशनरी चौकाचौकांत हिंदू धर्माची टर उडवत होते आणि शिकलेली मुले खाली मान घालून ऐकत होती. बुवांनी मिशनऱ्यांना वाळूवर वादाला बोलावले. मे महिन्यापर्यंत हे वाद चालले. समोर जॉर्ज बोवेन यांच्यासारखे अमेरिकन मिशनरी असत, आणि त्यांनीच पुढे हे वाद इंग्रजीत छापले. ऐकायला गर्दी लोटे. धर्माची बाजू म्हणजे घरातल्या म्हाताऱ्यांची कुरकुर, असा ज्यांचा समज होता त्यांनी पहिल्यांदाच आपल्यातला एक माणूस साहेबाला भर सभेत प्रतिप्रश्न विचारताना पाहिला. आजच्या मुलांच्या भाषेत सांगायचे तर बुवा 'भारी' होते. (याच बुवांनी पुढे जमीन आणि उत्पन्न सर्वांचे सामायिक असावे असा निबंध लिहिला, म्हणजे त्यांना कोणत्या रकान्यात घालायचे हा प्रश्नच आहे. असो.)

गंमत अशी की सुधारकांनाही पाव फार दिवस पुरला नाही. १८६७ मध्ये प्रार्थना समाज निघाला, दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग त्यात अग्रभागी होते, आणि त्या समाजात उपासनेला गाऊ लागले काय, तर तुकोबांचे अभंग! १८६९ मध्ये सरकारी मदतीने तुकारामगाथेची जी आवृत्ती निघाली तिचे एक संपादक विष्णु परशुराम पंडित होते, म्हणजे विधवाविवाहाच्या चळवळीचे खंदे पुढारी. ज्या गोष्टीची घरी लाज वाटत होती तीच शोधत हे लोक वळसा घालून परत आले. वारकऱ्यांना या घडामोडींचा पत्ताही नव्हता. ते आषाढी-कार्तिकीला चालत होते. हा सगळा खटाटोप मूठभर शिकलेल्यांचा, हे आपण विसरू नये. तिकडे १८७३ मध्ये जोतीरावांचा सत्यशोधक समाज निघाला, त्याचा झगडा फॅशनशी नव्हताच.

१८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली आणि पुण्यातल्या तरुणांची चव बदलली. शास्त्रीबुवा स्वतः इंग्रजी वाङ्मयात मुरलेले. त्यांनी मिशनऱ्यांना झोडपले, सुधारकांची खिल्ली उडवली. त्यात अन्यायही पुष्कळ होता, विशेषतः जोतीरावांबद्दल. पण परिणाम असा झाला की आपले ते टाकाऊ असे म्हणणारा तरुण आता जुनाट ठरू लागला. वीस-पंचवीस वर्षांत वारे पुरते फिरले.

ते किती फिरले याचे गमतीदार उदाहरण म्हणजे पंचहौद मिशनमधला चहा. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या या मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. हा घाट घालणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान. त्यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापवून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि १८९२ मध्ये खुद्द रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. तेव्हा त्यांचे तरुण चाहते किती हिरमुसले असतील! १८४९ मध्ये पाव खाणे ही शौर्याची खूण होती. १८९२ मध्ये घोटभर चहा ही अडचण झाली.

आणि याच सुमारास आपला सार्वजनिक गणपती येतो. भोपाळच्या आपल्या मंडळाला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट इथे सांगतो. पुण्याचे कृष्णाजीपंत खासगीवाले १८९२ मध्ये ग्वाल्हेरला गेले होते, तिथे शिंद्यांच्या राज्यातला थाटाचा गणेशोत्सव त्यांनी पाहिला आणि असे काही पुण्यात करावे हे त्यांच्या मनात आले, असे सांगतात. म्हणजे कल्पना गेली ती आपल्या मध्य प्रदेशातून! १८९३ मध्ये पुण्यात खासगीवाले, घोटवडेकर आणि भाऊसाहेब रंगारी यांचे सार्वजनिक गणपती बसले. टिळकांनी 'केसरी'तून या प्रकाराचे कौतुक केले आणि १८९४ पासून उत्सवाने जोर धरला.

त्या उत्सवाकडे तरुणांना कोणी ओढले? अथर्वशीर्षाने नव्हे. मेळ्यांनी. विद्यार्थ्यांची आणि होतकरू मुलांची टोळकी, अंगात मावळ्यांसारखा पोशाख, हातात टिपऱ्या, महिना-महिना तालीम केलेली पदे आणि रस्त्यातून मिरवत जाण्याची ऐट. आजच्या पथकाचे ते सख्खे पणजोबा. त्या वेळी फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य कोण होते? गोपाळ गणेश आगरकर. देव न मानणारा, 'सुधारक' पत्रातून रूढींवर घाव घालणारा, ज्याची जिवंतपणी पुणेकरांनी प्रेतयात्रा काढली तो माणूस. दिवसा आगरकरांचे तर्कशास्त्र ऐकून संध्याकाळी मेळ्यात टिपऱ्या खेळणारी मुले तेव्हा असतीलच. आगरकर १८९५ मध्ये गेले. गरिबी पत्करून, दम्याने जर्जर होऊन, कोणाच्या टाळ्यांची वाट न पाहता. फॅशन ज्याच्या विरुद्ध गेली तरी जो हलला नाही, असा हा माणूस. त्याची अश्रद्धा आणि माझ्या १९७२ च्या ऑम्लेटातली अश्रद्धा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे मला फार उशिरा उमगले.

इथे एक पान असे आहे जे आपल्या स्मरणिकांतून सहसा छापले जात नाही. मी यंदा छापायचे ठरवले आहे. मेळ्यांची सगळी पदे भक्तीची नव्हती. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला होता. त्याआधी पुण्यात हिंदू मंडळी मोहरमच्या ताबुतांत हौसेने सामील होत, नाचत, वाजवत. मेळ्यांच्या पदांतून ताबुतांत जाऊ नका असे सांगितले गेले, मुसलमानांना आणि सुधारकांना टोमणे मारले गेले. टोमणा हा तरुणांना फार आवडणारा प्रकार आहे, त्याला टाळी लवकर पडते. श्रद्धेला ऐट आली हे खरे, पण त्या ऐटीतला काही भाग कोणालातरी खिजवण्याचा होता. आणि विसंगती अशी की आपण ज्याला हिंदू उत्सवाचा आवाज समजतो त्या ताशाचे मोहरमशी जुने नाते आहे. गिरमिटिया मजुरांबरोबर ताशा समुद्रापार त्रिनिदादला गेला, आणि तिथे मोहरमच्या 'होसे' मिरवणुकीत आजही तो वाजतो.

पुढचा काळ भराभर ओलांडतो. मेळ्यांवर सरकारची वक्रदृष्टी झाली, पुन्हा ते आले, स्वातंत्र्यानंतर हळूहळू विरले, त्यांची जागा वाद्यवृंदांनी घेतली. आमची पिढी कॉलेजात गेली तेव्हा तर पंचाईतच होती. १९६८ मध्ये बीटल्स हृषीकेशला येऊन ध्यान करून गेले. १९७१ मध्ये 'हरे रामा हरे कृष्णा' पडद्यावर आला. १९७४ पासून पुण्यात कोरेगाव पार्कला रजनीशांच्या आश्रमात भगव्या कपड्यांतले गोरे दिसू लागले. आम्ही देव सोडून मॉडर्न व्हायला निघालो होतो आणि ज्यांच्यासारखे व्हायचे ते माळा घालून आमच्याच रस्त्यावर भजने म्हणत होते! आम्ही त्यांना हसलो. आता वाटते, निदान ती माणसे घर सोडून आली होती.

वडील १९७५ च्या मार्चमध्ये गेले. त्याआधीच्या तीनही गणपतींना मी घरी नव्हतो. शेजारचे काका येऊन आरती म्हणत, असे आईने नंतर सांगितले. तक्रार म्हणून नाही, सहज.

पुढल्याच वर्षी नोकरीसाठी भोपाळला आलो. वसाहतीत आम्ही सात मराठी घरे. कोणीतरी गणपती बसवला, बोलावणे आले, मी गेलो. खरे सांगायचे तर श्रद्धेने गेलो नाही. मराठी ऐकायला गेलो आणि उकडीचे मोदक आहेत असे कळले होते म्हणून गेलो. आरती सुरू झाली तेव्हा लक्षात आले की मला ती पूर्ण येते, एकही ओळ अडत नाही. घालीन लोटांगणला आवाज लागेना, तेव्हा नुसत्या टाळ्या वाजवत राहिलो. शेजारी उभ्या असलेल्या वहिनींना वाटले, मला पाठ नाही. त्यांनी पुस्तक पुढे केले.

तेव्हापासून मी या मंडळात आहे. 'रामायणा'च्या दिवसांत, १९८७-८८ मध्ये, रविवारी सकाळी वसाहतीतले रस्ते ओस पडायचे तेही पाहिले. २००५ च्या आसपास आरतीला आम्ही अकरा-बारा पांढऱ्या डोक्यांची माणसे उरलो होतो, मूर्ती लहान करावी की उत्सव दीड दिवसाचा करावा यावर चर्चा झाली होती, तेही पाहिले. त्या वेळी 'फॅशन आहे' अशी तक्रार करायला समोर एकही तरुण नव्हता. मग पुण्याहून नोकरीसाठी आलेल्या दोघांनी पथकाचे खूळ आणले. पुण्यात रमणबाग, ज्ञान प्रबोधिनी अशा शाळांच्या पथकांनी मुलामुलींना ढोल शिकवून शिस्तीची एक परंपराच घातली होती. (रमणबाग शाळा डेक्कन एज्युकेशन सोसायटीची, म्हणजे आगरकर ज्यांच्यासाठी झिजले त्या संस्थेची. आगरकर काय म्हणाले असते, देव जाणे.) आज आपल्या पथकात एकेचाळीस मुले आहेत, त्यातली सोळा मराठी नाहीत आणि एक ताशेवाला मुसलमान आहे. तोच सगळ्यांना ताल शिकवतो.

आमच्या ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे खोटे नाही. मुले फोटोंसाठी येतात. पंढरीच्या वारीतही आता 'आयटी दिंडी' असते, एक दिवस चालून लोक परततात, आणि त्यांच्याही हातात कॅमेरे असतात. पण पाव खाणारी १८४९ ची मुले, वाळूवर बुवांना ऐकायला जमलेली मुले, टिपऱ्या खेळणारी १८९४ ची मुले, आणि मी, आम्ही सगळेच आधी मित्र जिकडे होते तिकडे गेलो. त्यातले काही तिथे थांबले, काही निघून गेले. कोण थांबेल हे त्या दिवशी बघून सांगता आले नसते. म्हणून पुढच्या बैठकीत मी आरती पाऊण तास पुढे घेण्याच्या बाजूने मत दिले. माझी अट एकच होती, आणि ती मेळ्यांच्या त्या न छापलेल्या पानावरून आली होती: मिरवणुकीत वाजेल ते वाजवा, पण कोणाला खिजवणारी घोषणा नको, आणि मशिदीसमोर मुद्दाम थांबून जोर लावणे नको. ताशेवाल्याने माझ्याकडे पाहिले, काही बोलला नाही. पथकप्रमुख मुलीने ते वहीत लिहून घेतले. ठराव नऊ विरुद्ध चार मतांनी मंजूर झाला. चारांपैकी एक माझे तीस वर्षांचे स्नेही आहेत आणि अजून नीट बोलत नाहीत.

सराव रोज संध्याकाळी सात ते साडेआठ, वसाहतीच्या सायकल स्टँडमागे चालतो. बघायला कोणीही यावे. मी खुर्ची घरूनच नेतो, आणि कानात घालायला कापूस.